फ्लाइट सिम्युलेटरसाठी पैसा प्रोसेसरवर घालायचा की ग्राफिक्स कार्डवर? दोन मशीन एका टेबलावर ठेवून बघितलं

माझा भाचा यंदा बारावी झाला, मिरजेला असतो, आणि त्याच्या डोक्यात विमान सोडून दुसरं काही नाही. दाजींनी पीसीसाठी पैसे बाजूला काढून ठेवलेत पण अट एकच, मशीन एकदाच घ्यायचं, वर्षभरात परत "हे कमी पडतंय" म्हणून यायचं नाही. भाच्याचं मनात ठरलेलंच होतं, "मामा, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०७० घ्यायचं, उरलेल्या पैशात प्रोसेसर कुठला पण बसवू." हे ऐकून मला गप्प बसवेना, कारण मी स्वतः बरोबर तेच केलंय आणि सांगलीत विश्रामबागला माझा आतेभाऊ राहतो त्यानं अगदी उलटं केलंय, त्याचा सगळा पैसा प्रोसेसरमध्ये आणि कार्ड साधं. दोघांचा एकूण खर्च जवळपास सारखाच झालेला. मग दिवाळीत तो साताऱ्याला माझ्याकडं येणारच होता, त्याला म्हटलं कॅबिनेट पण घेऊन ये, मागच्या सीटवर उशा लावून आण. एकच मॉनिटर, एकच फायबरचं कनेक्शन, एकच सिम म्हणजे पीसीवर विमान उडवायचं फ्लाइट सिम्युलेटर, दोन मशीन आळीपाळीनं लावून दोन दिवस आम्ही हेच केलं.

माझं मशीन म्हणजे रायझन ५ ५६००, ३२ जीबी डीडीआर४ रॅम, आरटीएक्स ४०७० त्यात १२ जीबी व्हीरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी. त्याचं म्हणजे रायझन ७ ७८००एक्स३डी, ३२ जीबी डीडीआर५, आरटीएक्स ४०६० आणि व्हीरॅम फक्त ८ जीबी. मॉनिटर १४४०पी, म्हणजे नेहमीच्या १०८०पी पेक्षा बारीक चित्राचा. सिम मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४, तेच जे नोव्हेंबर २०२४ ला आलं.

पहिलं फ्लाइट मुद्दाम जड घेतलं. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून मुंबई, विकत घेतलेलं एअरबस ए३२० चं ॲड-ऑन म्हणजे सिममध्ये वरून जोडायचं विमान, लाइव्ह ट्रॅफिक म्हणजे आजूबाजूची खरी विमानं दाखवणं चालू. वर गेल्यावर दोन्ही मशीनवर काहीच तक्रार नाही, डावीकडं कोयनेचं शिवसागर दिसतं, पुढं उजवीकडं महाबळेश्वरचं पठार, सगळं मख्खन. खरी परीक्षा रनवे २७ ला उतरताना, पूर्वेकडनं येताना खाडी ओलांडली की समोर सगळी मुंबई उभी राहते, विमानतळावर पन्नास विमानं, आणि तुमच्या कॉकपिटमधले सहा स्क्रीन एकाच वेळी चालू. तिथं माझं मशीन २५ ते २८ फ्रेमवर आलं, म्हणजे पडद्यावर सेकंदाला तेवढीच चित्रं. आणि ग्राफिक्स कार्ड किती कामात होतं, तर जेमतेम निम्मं! म्हणजे एवढं महागाचं कार्ड निवांत बसून होतं. मी ढग कमी केले, सावल्या कमी केल्या, रिझोल्यूशन १०८०पी वर आणलं, आकडा जागचा हलला नाही. सिमच्या डेव्हलपर मोडमध्ये एफपीएस म्हणजे सेकंदाला किती फ्रेम ते दाखवायची सोय आहे, तिथं स्वच्छ लिहून येत होतं, लिमिटेड बाय मेन थ्रेड, म्हणजे अडतंय ते प्रोसेसरवर.

हे मेन थ्रेड प्रकरण भाच्याला कसं सांगितलं ते सांगतो. साखर कारखान्यावर उसाच्या गाड्या येतात, आत गाळप कितीही मोठं असू दे पण वजनकाटा एकच असेल तर सगळ्या गाड्या काट्यावरच रांग लावून उभ्या. सिममध्ये विमानाची सिस्टीम, कॉकपिटचे स्क्रीन, ट्रॅफिक, कुठली जमीन किती बारीक दाखवायची याचा हिशेब, यातलं बरंचसं काम शेवटी एकाच थ्रेडवरून जातं. प्रोसेसरला १६ कोर असले तरी तो काटा एकच, त्यामुळे कोर किती यापेक्षा तो एक कोर किती वेगात काम उरकतो हे बघायचं. आणि एक्स३डी वाल्या चिपचा फायदा इथंच आहे, ५६०० मध्ये एल३ कॅश म्हणजे प्रोसेसरच्या आतलीच मेमरी ३२ एमबी, ७८००एक्स३डी मध्ये ९६ एमबी, म्हणजे लागणारे कागद टेबलावरच असतात, दर वेळी उठून गोडाऊनला म्हणजे रॅमला जावं लागत नाही. बाकी बऱ्याच गेमला एवढ्या कॅशचा इतका उपयोग होत नाही पण सिमला होतो, भरपूर होतो.

आतेभावाचं मशीन त्याच जागी, त्याच वेळेला, ४० च्या वरच राहिलं. आणि आकड्यापेक्षा मला महत्त्वाचं वाटलं ते म्हणजे झटके नव्हते. ३० फ्रेम म्हणजे एक फ्रेम साधारण ३३ मिलिसेकंद, सगळ्या फ्रेम ३३ च्या आल्या तर ३० सुद्धा डोळ्याला छान वाटतं, पण एक ३३ ची, पुढची ९० ची, परत ३३ ची असं झालं की सरासरी बरी दिसते आणि नेमकं चाकं टेकायच्या क्षणी चित्र अडकतं, हात जास्त ओढला जातो आणि विमान आपटतं. हे मी कितीतरी रात्री भोगलंय, चूक माझ्या हाताची आहे असं समजून तीच लँडिंग परत परत करत बसायचो.

पण त्याच्या मशीनचं पण दुखणं निघालं. टेक्स्चर म्हणजे पृष्ठभागांवरचा बारीक पोत अल्ट्रावर, सगळ्यात वरच्या सेटिंगवर, ठेवून अर्धा तास उडल्यावर, खाली उतरून विमान जमिनीवर टॅक्सी करताना ते एकदम १०-१२ फ्रेमवर कोसळलं. ८ जीबी व्हीरॅम भरली की जास्तीचा माल रॅममध्ये जातो आणि तिथनं आणायला वेळ लागतो, मग हे असं होतं. टेक्स्चर मीडियम केलं, बंद करून परत चालू केलं, गेलं. म्हणजे त्याच्या दुखण्याला औषध आहे, एक सेटिंग उतरवायचं. माझ्या दुखण्याला औषध म्हणजे जमिनीचं लेव्हल ऑफ डिटेल म्हणजे बारकावा २०० वरून १०० आणायचं, ट्रॅफिक बंद करायचं, आणि एवढं करून ३० च्या जरा वर. मुंबईला रिकाम्या विमानतळावर उतरायचं असेल तर मग मजा काय राहिली.

आता दुसरं फ्लाइट, माझ्या आवडीचं. सेसना १७२ घेतलं, सांगलीत आयर्विन पुलावर आलो आणि तिथनं कृष्णा धरून वर, औदुंबर, कराडचा प्रीतिसंगम, संगम माहुली, अजिंक्यतारा डावीकडं ठेवून वाईपर्यंत. इथं चित्र पालटलं. साधं विमान, मोठं शहर नाही, ट्रॅफिक नाही, प्रोसेसरला काम कमी आणि सगळा भार कार्डावर, पावसाळी ढग, ऊन, नदीचं पाणी, डोंगराचा पोत. माझ्या ४०७० नं १४४०पी वर सगळं अल्ट्रा ठेवून ६० च्या आसपास आरामात दिलं. त्याचं ४०६० चाळीसच्या आतबाहेर राहिलं आणि डेव्हलपर मोडमध्ये यावेळी जीपीयू म्हणजे ग्राफिक्स कार्ड लिहून आलं. डीएलएसएस, म्हणजे चित्र लहान काढून कार्डानं मोठं करून दाखवायची सोय, लावल्यावर वर गेलं, पण डीएलएसएसची एक गोष्ट लक्षात ठेवा, बाहेरचं दृश्य छान राहतं आणि कॉकपिटच्या स्क्रीनवरचे हलते आकडे जरा पुसट होतात. सेसनाच्या घड्याळांना काही फरक पडत नाही, एअरबसला पडतो.

म्हणून कुणी विचारलं की कुठलं मशीन भारी, तर मी आधी उलट विचारतो की तुम्ही उडवणार काय आणि उतरणार कुठं. मोठी प्रवासी विमानं, मोठे विमानतळ असं असेल तर प्रोसेसर आधी. छोटं विमान, डोंगरदऱ्या, ४के मॉनिटर किंवा व्हीआर हेडसेट असेल तर कार्ड आधी. भाच्याला पायलट व्हायचंय, तो आज सेसना उडवेल पण सहा महिन्यांत एअरबसवर जाणार हे मला दिसतंय.

फ्रेम जनरेशनबद्दल तो सारखा विचारत होता, "मामा, ते चालू केलं की दुप्पट होतंय की!" होतं, माझ्या मशीनवर मुंबईला पन्नासच्या वर आकडा दिसला. पण खऱ्या दोन फ्रेमच्या मधल्या त्या जादा फ्रेम कार्डानं तयार केलेल्या असतात, काट्यावरची रांग तशीच. वर उडताना डोळ्याला गुळगुळीत, उतरताना झटका आहे तो आहेच आणि स्टिक हलवल्यावर विमान जरा उशिरा ऐकतंय असं जाणवतं. मूळ ४० असतील तर फ्रेम जनरेशन वरदान आहे, मूळ २५ वर ते पांघरूण आहे. शिवाय ते स्वतःच व्हीरॅम खातं, त्यामुळे ८ जीबीवाल्याला तिथं पण जपून.

ज्यांच्याकडं माझ्यासारखा एएम४ बोर्ड, म्हणजे एएमडीच्या जुन्या पिढीच्या चिपचा मदरबोर्ड, आधीच आहे त्यांनी बोर्ड-रॅम बदलायच्या आधी ५७००एक्स३डी किंवा ५८००एक्स३डी मिळतो का बघा. त्यातही ९६ एमबी कॅश आहे, बायोस म्हणजे बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर अपडेट करायचं, चिप बदलायची, झालं. नवी चिप आता सहजी हाताला लागत नाही, जुनी घेतली तर पिना बघून घ्या, एएम४ ला पिना चिपलाच असतात. मी स्वतः हेच करणार आहे. पण शून्यापासून घेणाऱ्यानं एएम४ मध्ये शिरू नये, पुढच्या पिढीच्या एएम५ बोर्डवर २०२७ आणि पुढंपर्यंत नव्या चिप देऊ असं एएमडीनं सांगितलंय, म्हणजे दाजींची अट पाळायला तोच बरा.

लॅपटॉपचा विषय घरातनं आला, ताई म्हणाली कॉलेजला पण नेता येईल. तर लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०७० आणि डेस्कटॉपचं ४०७० हे नावाचेच भाऊ, लॅपटॉपवाल्यात व्हीरॅम ८ जीबीच असते. नाव बघून फसू नका. उन्हाळ्यात सांगली-मिरजेचं ऊन चाळिशीला टेकतं, तेव्हा एवढ्याशा डब्यात तासाभराचं फ्लाइट म्हणजे पंखे बोंबलणार आणि वेग उतरणार. ७८००एक्स३डी त्या मानानं थंड डोक्याची चिप आहे, साधा टॉवर एअर कूलर पुरतो, पाण्याच्या कूलिंगला पैसे घालू नका.

एक्सबॉक्स सिरीज एस या गेम कन्सोलवर पण हे सिम चालतं आणि कमी पैशात चांगलं चालतं, पण पीसीवरची सगळी ॲड-ऑन तिथं येत नाहीत. नुसतं फिरायचं असेल तर जरूर घ्या.

नेटचा विचार पण मशीनबरोबरच करा. २०२४ वालं सिम जमीन, विमानं बरंचसं नेटवरनं ओढतं, कंपनीनं शिफारस केलेला वेग ५० एमबीपीएस आहे. तुमच्या गावात फायबर नसेल आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भागवायचं असेल तर कितीही भारी मशीन घेतलं तरी खाली चिखल दिसणार. तिथं एक्स-प्लेन १२ जास्त बरं, त्याची जमीन डिस्कवरच असते. त्यालाही एका कोरचा वेगच लागतो, म्हणजे प्रोसेसरचा हिशेब तोच.

रॅम ३२ जीबी, दोन स्टिक. चार स्टिक एएम५ वर लावल्या की वेग कमी ठेवावा लागतो. अधिकृत यादीत आयडियलला ६४ जीबी लिहिलंय, पण २०२५ च्या शेवटाला रॅमचे भाव असे भडकले की ते पैसे कार्डात घातलेले बरे वाटले. आणि मशीन घरी आलं की आधी बायोसमध्ये जाऊन एक्सपो म्हणजे रॅमला तिचा पूर्ण वेग देणारी सेटिंग चालू आहे का बघा. आतेभावाचं मशीन ज्या दुकानात जोडलं तिथं ते बंदच ठेवलेलं, ६००० ची रॅम घेऊन तो आठ महिने ४८०० वर चालवत होता आणि त्याला कुणी सांगितलं पण नाही, आमच्या टेबलावर आल्यावर कळलं. एक्स३डी चिपला त्याचा फटका कमी बसतो म्हणून निभावलं, साध्या चिपला जास्त बसला असता. एसएसडीनं फ्रेम वाढत नाहीत, लोडिंग लवकर होतं, १ टीबी एनव्हीएमई घ्या आणि विषय सोडा.

विजेचं मात्र मनावर घ्या. आपल्याकडं लाइट जाते, आली की दणका देऊन येते. घरचा स्वस्तातला ६०० व्हीएचा यूपीएस या मशीनला पुरत नाही, कार्ड आणि प्रोसेसर भरात असताना लाइट गेली की तोही बंद आणि मशीनही बंद. प्युअर साइन वेव्हचा घ्या, अर्थिंग तपासून घ्या, एसएमपीएस म्हणजे पीसीचा पॉवर सप्लाय गोल्ड रेटिंगचा ६५० वॅट. दुकानदार इथंच पैसे वाचवायला सांगतो, ऐकू नका.

शेवटी भाच्यासाठी ठरलं ते असं. प्रोसेसर ७८००एक्स३डी, त्याहून नव्या ९८००एक्स३डी चा हट्ट मीच मोडला, वेगात पुढं आहे पण तेवढ्या फरकाच्या पैशात त्याचं कार्ड सुधारतं. कार्ड आरटीएक्स ५०६० टीआय, १६ जीबीवालंच, कारण त्याच नावाचं ८ जीबीचं पण मिळतं आणि खोक्यावर बारीक अक्षरात असतं, बिलावर १६ लिहून घ्यायचं. एएमडीचं ९०६० एक्सटी १६ जीबी स्वस्तात मिळालं असतं, पण या सिममध्ये डीएलएसएसचं चित्र मला जास्त स्थिर वाटतं. भाचा दोन दिवस ४०७० साठी तोंड पाडून बसला होता, मग त्याला दोन्ही मशीनवर मुंबईला एकेकदा उतरायला लावलं. दुसऱ्या लँडिंगनंतर त्यानं स्वतःच यादीतलं कार्ड खोडलं. मॉनिटर सध्या घरातला जुना १०८०पी वापरायचा, १४४०पी चं पुढच्या दिवाळीला दाजींशी मी बोलणार आहे.