सेटिंग सर्कल्स की स्टार हॉपिंग? ईक्यू माउंटवाल्यांसाठी

ईक्यू माउंट, म्हणजे एक अक्ष ध्रुवाकडे रोखलेला दुर्बिणीचा स्टँड, घेतला की आकडे कोरलेले दोन गोल, म्हणजेच सेटिंग सर्कल्स, आपोआप घरी येतात आणि बहुतेक जण त्यांना कधी हातही लावत नाहीत. मीसुद्धा पहिली दोन वर्षं लावला नाही, कारण ज्याला विचारावं तो सांगायचा की छोट्या माउंटवरची सेटिंग सर्कल्स नुसती शोभेची, तू स्टार हॉपिंग शिक, म्हणजे ताऱ्यावरून ताऱ्यावर उड्या मारत वस्तूपर्यंत पोचायला. शिकलो, आणि शिकलो ते बरंच झालं. पण दोन्हींतलं काय धरावं असा विचार करत असाल तर माझा अनुभव थोडा वेगळा निघाला, म्हणून लिहितोय.

माझी १५० मिमीची न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण) आहे, ७५० मिमी फोकल लेंथ, मोटर नाही. २५ मिमीचा आयपीस लावला की ३० पट आणि साधारण पावणेदोन अंशांचं आकाश (फील्ड) दिसतं. पुढचा हिशोब त्यावरचाच आहे.

सर्कल्सवरचा आक्षेप खोटा नाही. माझ्या आरएच्या (विषुवांश, म्हणजे पूर्व-पश्चिम स्थान, तास-मिनिटांत) गोलावर दर १० मिनिटांना एक रेघ आहे, म्हणजे अडीच अंश, आणि डेकवर (क्रांती, म्हणजे उत्तर-दक्षिण स्थान) दोन-दोन अंशांना. दोन रेघांमधलं अंतरच अख्ख्या फील्डपेक्षा मोठं, वर बाण जाड. त्यामुळे यादीतले विषुवांश-क्रांती थेट लावून वस्तू समोर येईल अशी अपेक्षा ठेवलीत तर हाती काही लागत नाही. मला जमलं ते फरक मोजून. जवळचा ठळक तारा आधी आयपीसच्या मध्यावर आणायचा, आरएचा गोल त्या ताऱ्याच्या आकड्यावर फिरवायचा, डेकचं वाचन जे काही असेल ते तसंच लक्षात ठेवायचं आणि मग वस्तू आणि तारा यांच्यात जेवढा फरक तेवढंच सरकायचं. माउंटचा अक्ष ध्रुवाकडे लावताना राहिलेली चूक अशाने बरीचशी कटते, शिवाय यादीतले २००० सालचे आकडे वापरलेत तरी चालतं कारण तारा आणि वस्तू दोघंही जवळपास सारखेच सरकलेले असतात.

आता तीच वस्तू दोन्ही पद्धतींनी बघू. एम १०४, सोम्ब्रेरो दीर्घिका. स्टार हॉपिंगने जायचं तर हस्ताच्या चौकोनातल्या वरच्या डाव्या ताऱ्यापासून उत्तरेला साडेपाच अंश, वाटेत छोट्या ताऱ्यांची खूण आहे, गावाकडच्या आकाशात फाइंडरमधून, म्हणजे नळीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीतून, ती छान दिसते. रस्ता अवघड नाहीच. अडचण माझ्या गुडघ्यांची आणि मानेची झाली, आणि खरं सांगायचं तर माझा निर्णय तिथेच झाला.

ईक्यूवर न्यूटोनियन ठेवली की नळी नुसती वरखाली होत नाही, ती स्वतःभोवतीही वळत जाते, त्यामुळे मघाशी हाताशी असलेला फाइंडर दुर्बीण दुसऱ्या बाजूला नेली की नळीच्या पोटाखाली जातो. मग गच्चीच्या फरशीवर गुडघे टेकायचे, मान उलटी करायची, चष्मा फाइंडरवर आपटतो, आतलं चित्र उलटं, नकाशा सुलटा, आणि हे एकदा नाही, एका वस्तूसाठी पाच-सहा वेळा, कारण प्रत्येक उडीला फाइंडरमध्ये बघणं आलंच. रिंग सैल करून नळी फिरवता येते, पण अंधारात ती बोटभर खाली घसरते, बॅलन्स बिघडतो, आणि मुश्किलीने धरलेला तारा निसटतो. एकदा याच भानगडीत पाऊण तास गेला आणि तोवर हस्त समोरच्या झाडामागे उतरलेला होता. त्या रात्री सोम्ब्रेरो दिसलीच नाही.

सर्कल्सने हेच कसं होतं बघा. चित्रेची क्रांती उणे ११ अंश १० कला, सोम्ब्रेरोची उणे ११ अंश ३७ कला, म्हणजे जवळपास एकच. चित्रा लावायची, डेकला हातच लावायचा नाही, आरए १३ तास २५ वरून १२ तास ४० वर आणायचा, साडेचार रेघा पश्चिमेला. इतकंच. अर्ध्या अंशाचा फरक फील्डमध्ये सामावतो. दिसली नाही तर आरए हळू सरकवायची केबल थोडी मागेपुढे फिरवायची, माझ्याकडे बहुतेक वेळा तेवढ्यात ती लांबट धूसर रेघ येते. फाइंडरमध्ये एकदाच वाकायचं, तेही चित्रेसारख्या ठळक ताऱ्यासाठी.

आणि याच चित्रेवरून दुसरी गंमत, मला ही फार आवडते. ओमेगा सेंटॉरी या तारकागुच्छाचा विषुवांश १३ तास २७ मिनिटं, म्हणजे चित्रेच्या जवळजवळ सरळ खाली. इथे आरए लॉक आणि डेक ३६ अंश दक्षिणेला. पुण्यातून तो गुच्छ जास्तीत जास्त २४ अंशांवर येतो, क्षितिजाजवळच्या धुरकट पट्ट्यात त्याच्या नरतुरंग तारकासमूहाचे बारके तारे शहरातून दिसतच नाहीत, मग उड्या मारणार कशावरून? डेकच्या गोलाला मात्र धुरकटाशी काही देणंघेणं नाही. उडी मोठी असल्याने इथे ध्रुवाची चूक थोडी नडते, आजूबाजूला शोधावं लागतं.

काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. मोटर नसेल तर तारा लावल्यावर रेंगाळू नका, चार मिनिटांत आकाश एक अंश पुढे जातं. आरएच्या गोलावर आकड्यांच्या दोन ओळी असतात, एक उत्तर गोलार्धाची आणि एक दक्षिणेची, आपली कुठली ते दिवसाउजेडी बघून ठेवा. गोलाचा स्क्रू नीट आवळा, नाहीतर अंगठा लागून तो सरकतो आणि कळतही नाही. मी बाणाच्या टोकावर तांब्याची बारीक तार चिकटवलीय, चतुर्थांश रेघ वाचता येते. पुण्यात ध्रुवतारा साडेअठरा अंशांवरच, बिल्डिंगमागे गेला तर होकायंत्र चालतं, आपल्याकडे चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेत एक अंशाचाही फरक नाही, फक्त ते माउंटच्या लोखंडापासून लांब धरा.

स्टार हॉपिंग सोडा असं मी अजिबात म्हणत नाही. अभिजितशेजारचं एम ५७, कंकणाकृती तेजोमेघ, दोन ताऱ्यांच्या मध्येच आहे, तिथे गोल फिरवत बसणं म्हणजे उगाच वेळ घालवणं. कन्येतल्या दीर्घिकांच्या गर्दीत सर्कल्स तुम्हाला एम ८७ च्या आसपास सोडतील, पण समोर दिसतेय ती नेमकी कोणती हे नकाशाशिवाय ठरत नाही. तुमच्याकडे काटकोनी फाइंडर असेल तर माझ्या मानेचा मुद्दा अर्धा गळतो हेही मान्य. कदाचित तुमची मान माझ्यापेक्षा बरी असेल.

तरी एकदा करून बघा. चैत्र अमावस्येच्या आसपास, रात्री अकरा-बाराच्या सुमाराला चित्रा दक्षिणेला चांगली वर असते. आधी सोम्ब्रेरो, मग परत चित्रा, गोल परत लावायचा, आणि मग खाली ओमेगा. दक्षिणेकडे शहराचा उजेड नसेल अशी जागा धरा.