काचेचे मणी पहिल्यांदा करताना: साधा टॉर्च, ऑक्सिजनचा बर्नर की दुसऱ्याचं टेबल?

गॅसच्या ज्योतीवर काचेचा मणी करून बघायची हौस आली की बहुतेक जण आधी विचारतात, ‘टॉर्च कुठला घेऊ?’ माझ्या मते त्याच्याही आधी विचारायचा प्रश्न आहे: तयार झालेला मणी थंड कुठे करणार? याचं उत्तर मिळालं की टॉर्चची निवड फार अवघड राहत नाही.

काम काय असतं ते थोडक्यात सांगते. स्टेनलेस स्टीलच्या बारीक सळईला मातीचा लेप देऊन ती वाळवायची. एका हातात ती सळई, दुसऱ्या हातात रंगीत काचेची कांडी. कांडीचं टोक ज्योतीत मऊ करून फिरत्या सळईवर गुंडाळायचं. मणी थंड झाला की लेपामुळे सळईवरून सुटतो आणि सळईच्या जागी भोक राहतं. मंगळसूत्रातले बारीक काळे मणी मात्र असे होत नाहीत. ते काचेची पोकळ नळी लांब ओढून, तिचे तुकडे करून बनवतात. तेच करायचं मनात असेल, तर टॉर्चच्या वाटेला न गेलेलं बरं.

एका गॅसवरचा टॉर्च

यात सिलिंडर किंवा कॅन एकच. ऑक्सिजन वेगळा लागत नाही, टॉर्च आजूबाजूची हवाच ओढून घेतो. ‘हॉट हेड’ हा या प्रकारातला सर्वांत परिचित टॉर्च. टेबलाला क्लॅम्पने पक्का बसवायचा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. एसी-फ्रिज दुरुस्त करणारे तांब्याच्या नळ्या जोडायला जो टॉर्च वापरतात तो हातात धरायचा असतो आणि त्याची ज्योत अरुंद असते. तो स्वस्तात मिळतो म्हणून त्यावर शिकायला जाऊ नका.

या टॉर्चची ताकद कमी आणि आवाज मोठा. पण शिकणाऱ्याला त्याचा संथपणा उपयोगी पडतो. कांडीचं टोक एकदम ज्योतीच्या मध्यात नेलं तर ‘टिक्’ असा आवाज होतो आणि काचेचा कपचा उडतो. म्हणून आधी ज्योतीच्या पार शेवटच्या टोकाला कांडी आत-बाहेर करत तापवायची आणि मग हळूहळू पुढे आणायची. टोक नारिंगी होऊन काच गुळाच्या पक्क्या पाकासारखी ओघळायला लागली की ती सळईवर टेकवायची. मंद ज्योतीत हे सगळं डोळ्यांना दिसतं आणि हाताला सावरायला वेळ मिळतो. सळई सतत फिरती ठेवायची, नाहीतर काच खाली ओघळून मणी एका बाजूला लोंबतो.

पहिल्या मण्यांमध्ये हमखास दिसणारा दोष म्हणजे भोकाशी टोकदार कडा. सळईवर काच रुंद पसरली आणि वर भर कमी पडली की असं होतं. पृष्ठताणाला मणी गोल करायचा असतो, पण त्यासाठी लागणारी काचच नसते. अशी कडा दोरा कापते. मण्याच्या मधल्या भागावर अजून थोडी काच चढवली की कडा आतल्या बाजूला छान वळते. हे शिकायला महागडा बर्नर लागत नाही.

मर्यादा रंगात दिसतात. ज्योतीत गॅस जास्त आणि ऑक्सिजन कमी असला की फिरोजी काचेवर विटकरी तवंग येतो, कारण त्या रंगातलं तांबं वर उघडं पडतं. टॉर्चच्या तोंडाच्या फार जवळ काम केलं की हे हटकून होतं. थोडं लांब धरलं तर निभतं, पण मग काम आणखी मंदावतं. मोठा मणी करायचा म्हटलं की धीर संपतो.

गॅस आणि ऑक्सिजनचा बर्नर

इथे ज्योत सुमारे 2,800 अंश सेल्सिअसपर्यंत जाते, तीही आवाज न करता. ऑक्सिजन कमी-जास्त करून रंग हवा तसा राखता येतो. मणी लवकर होतो, बारीक नक्षी जमते. मात्र यासाठी दोन नळ्या, दोन रेग्युलेटर आणि ज्योत उलटी आत शिरू नये म्हणून फ्लॅशबॅक अरेस्टर, एवढं सगळं घ्यावं लागतं. पेटवताना आधी गॅस, मग ऑक्सिजन. बंद करताना आधी ऑक्सिजन, मग गॅस. ऑक्सिजनच्या जोडांना तेल किंवा ग्रीसचं बोटही लागता कामा नये.

ऑक्सिजनसाठी सिलिंडरऐवजी कॉन्सन्ट्रेटरही चालतो. छोट्या बर्नरला मिनिटाला 5 लिटर देणारं यंत्र पुरतं. 2021 च्या कोरोनाच्या लाटेत पुष्कळ घरांनी अशी यंत्रं घेतली आणि ती आता जुन्या बाजारात दिसतात. घेण्याआधी शुद्धता मोजून घ्या. यंत्रातला, हवेतला नायट्रोजन अडवणारा झिओलाइट दमट हवेने निकामी झाला असेल तर प्रवाह पूर्ण दिसतो, पण ज्योतीत जोर नसतो. कोकणात किंवा मुंबईत वर्षानुवर्षं पडून राहिलेलं यंत्र असेल तर ही तपासणी टाळूच नका.

पहिल्याच खेपेला हा सरंजाम घेऊ नये असं मला ठामपणे वाटतं. वेगवान ज्योतीत काच तुमच्या हाताच्या पुढे धावते आणि शिकण्यातला निम्मा वेळ नुसतं सावरण्यात जातो. तो पैसा आधी मणी सावकाश थंड करणाऱ्या भट्टीसाठी ठेवा.

मणी थंड होताना

मण्याचा बाहेरचा थर आधी आकसतो, आतला नंतर. हा ताण काचेत तसाच अडकून राहिला तर मणी आज शाबूत दिसतो आणि आठवड्याने, कधी गळ्यात घातल्यावर, तडकतो. ताण काढण्यासाठी मऊ काच (कमी उष्णतेत वितळणारी, शिकताना वापरायची तीच) साधारण 510 ते 520 अंशांवर काही वेळ ठेवून मग सावकाश उतरवावी लागते. याला ॲनीलिंग म्हणतात आणि त्यासाठी तापमान नेमकं धरून ठेवणारी भट्टी लागते.

सिरॅमिक फायबरच्या ब्लँकेटमध्ये किंवा गरम व्हर्मिक्युलाइटमध्ये (उष्णता धरून ठेवणारे हलके खनिज दाणे) मणी खुपसून ठेवणं हा भट्टीला पर्याय नाही. त्याने मणी एकदम थंड होत नाही, एवढंच. वाटाण्याएवढे साधे मणी त्यात बहुधा वाचतात. मोठे, चपटे किंवा नक्षीचे मणी पुष्कळदा वाचत नाहीत. पण एक सोय आहे: ब्लँकेटमध्ये थंड झालेले शाबूत मणी साठवून नंतर एकदम भट्टीत लावता येतात. ओळखीच्या कुंभारकामाच्या स्टुडिओत कंट्रोलरवाली इलेक्ट्रिक भट्टी असेल आणि ती 520 वर स्थिर राहत असेल, तर महिन्यातून एकदा तिथे काम भागतं. विकायचे किंवा कुणाला भेट द्यायचे मणी मात्र भट्टीतून काढल्याशिवाय देऊ नयेत.

काच कुठली

मऊ काच की बोरोसिलिकेट, म्हणजे प्रयोगशाळेतल्या भांड्यांची कडक काच? पहिल्यांदा मऊच. इटलीतल्या मुरानोच्या एफेत्रे कंपनीच्या कांड्या जगभर शिकायला वापरतात, रंग भरपूर मिळतात. तापल्यावर काच किती फुगते हे सांगणारा प्रसरणाचा आकडा तिचा 104, बोरोसिलिकेटचा 33. बोरोसिलिकेट अचानक तापवणं-थंडावणं जास्त सोसते, पण तिला ऑक्सिजनची ज्योत लागतेच. प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानात तिची पारदर्शक कांडी सहज मिळते म्हणून मोह होतो. साध्या टॉर्चवर ती नीट वितळत नाही.

आपल्याकडे उत्तर प्रदेशात फिरोजाबाद, पुर्दिलनगर, वाराणसी इथे काचेचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालतं. तिकडची कांडी मिळाली तर जरूर वापरा, फक्त इटालियन काचेत न तपासता मिसळू नका. तपासणी सोपी आहे. दोन्ही काचा शेजारी शेजारी जोडून वितळवा आणि लांब बारीक धागा ओढा. धागा थंड झाल्यावर सरळ राहिला तर जोडी जमली. धनुष्यासारखा वाकला तर एक काच दुसरीपेक्षा जास्त आकसते आहे, आणि असा मणी आज ना उद्या फुटणार.

खोली

फ्लॅटमध्ये टॉर्च लावायचा असेल तर गॅसबद्दल आधी स्पष्ट व्हा. घरगुती 14.2 किलोचं सिलिंडर स्वयंपाकासाठीच असतं आणि शेगडीचा रेग्युलेटर टॉर्चला पुरेसा दाब देत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळाला तर जमिनीलगत साठतो. त्यामुळे तळघर किंवा बंद स्टोअररूम नकोच. खिडकीत एक्झॉस्ट आणि समोरून ताजी हवा यायला वाट, दोन्ही हवं. डोक्यावरचा पंखा बंद ठेवावा लागतो, त्याने ज्योत हलते आणि मण्याला गार झोत लागून तो तडकतो. उन्हाळ्यात दुपारी हे काम म्हणजे परीक्षा असते, सकाळची वेळ बरी.

सुती कपडे घाला, ओढणी बाजूला ठेवा, केस बांधा. डिडीमियमचा चष्मा लागतोच. तापलेल्या काचेतून सोडियमचा पिवळा झगझगाट येतो, तो या चष्म्याने पुसला जातो आणि काच नेमकी कशी वळते आहे ते दिसतं. मणी सुटल्यावर भोकातला लेप पाण्याखालीच घासून काढा, त्याची कोरडी धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नका.

आधी दुसऱ्याचं टेबल

एवढं वाचून टॉर्चची ऑर्डर द्यायला हात शिवशिवत असेल, तरी आधी एक दिवस कुणाच्या तरी टेबलावर बसून बघा. ज्योतीसमोर दोन-तीन तास बसणं, दोन्ही हातांनी वेगवेगळं काम करणं आपल्याला आवडतं का, हे तिथे कळतं. ते घरबसल्या व्हिडिओ बघून कळत नाही. काही जणांना तासाभरातच उष्णता नको होते. काहींना उठवावं लागतं. दोघांचेही पैसे वाचतात.

वर्ग निवडताना फोनवर तीन गोष्टी विचारा. प्रत्येकाला वेगळा टॉर्च मिळणार का? चष्मा ते देणार का? आणि मणी घरी कधी न्यायला मिळतील? ‘लगेच संध्याकाळी घेऊन जा’ असं उत्तर आलं, तर त्यांचे मणी बहुधा भट्टीत जात नाहीत. ‘उद्या या’ किंवा ‘कुरिअर करू’ असं सांगणाऱ्यांकडे नाव नोंदवा.