सड्यावरचा बॉल वेगळा, पुळणीवरचा वेगळा

टेनिस बॉल क्रिकेटसाठी बॉल घेताना दुकानात पहिला प्रश्न असतो, "टिकेल ना?" न फुटता महिनाभर चालला म्हणजे बॉल टिकला, असं धरलं जातं. पण लव उडालेला, उसळी गेलेला बॉल फुटला नसला तरी गोलंदाजाच्या कामाचा राहत नाही. पहिल्या षटकातला टप्पा आणि वळण किती षटकं शाबूत राहतं, त्यावर टिकाऊपणा मोजायला हवा.

लॉन टेनिसचा खरा बॉल ५६ ते ५९.४ ग्रॅमचा असतो, आत दाबाने हवा भरलेली. नवा असताना उसळी सुंदर, पण रबरातून हवा झिरपत राहते आणि डबा उघडल्यावर नुसता पडून असला तरी मऊ पडतो. क्रिकेटसाठी तो घेऊच नका. उरले क्रिकेटचे 'लाइट' आणि 'हेवी'. हेवीचं रबर जाड, म्हणून तो उशिरा फुटतो आणि फटक्याने कमी चेपतो.

आता मैदान. सड्यावरचा, म्हणजे कोकणातल्या खडकाळ पठारावरचा, जांभा कानशीसारखा लव खरवडतो. लाइटचं रबर धड असतानाच लव विरळ होते, मग बॉल खेळपट्टीला पकडत नाही, खाली राहतो आणि कटर (टप्प्यावरून वळायला हवा तो चेंडू) सरळ निघून जातो. सरावाला इथे हेवी परवडतो. सामन्याला लाइट असेल तर प्रत्येक डावाला नवा काढा, त्यात काटकसर नको. भातकापणीनंतरच्या मळ्यात माती मऊ, झीज कमी. तिथे लाइटच उत्तम.

पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूत, हिशोब बदलतो. ओहोटीला ओली, घट्ट वाळू उसळी बरी देते, पण लव खारं पाणी पिते. बॉल जड होतो, सांध्याचा गोंद सुटू लागतो. मीठ हवेतला ओलावा ओढतं, म्हणून नुसता वाळवलेला बॉल पुन्हा दमट होतो. खेळ संपताच गोड्या पाण्यात खळबळून, टॉवेलमध्ये दाबून सावलीत वाळवा. वाळू सुकल्यावर जुन्या टूथब्रशने झाडा. उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका. दुपारी खारे वारे सुटले की लाइट हवेत भरकटतो, हेवी रेषेत राहतो. मोठ्यांनी पुळणीवर हेवीच घ्यावा. लहान मुलांच्या बोटांना तो लागतो, त्यांना लाइटच द्या.

प्रकाशझोतातल्या सामन्यात दव पडतं. सारखेच जुने झालेले दोन-तीन बॉल आलटून पालटून घेतले तर एकच भिजत नाही.

दुकानात एकाच पेटीतले दोन बॉल खांद्याच्या उंचीवरून लादीवर एकदम सोडा. उसळीत डोळ्यांना फरक दिसला तर ती पेटी परत करा. मग लादीवरून हळू घरंगळवा; डुलत गेला तर गोलाई बिघडली आहे. लवेच्या दोन पट्ट्यांमधल्या रेषेवर नख फिरवा: कडा वर आली असेल तर ती तिथूनच सोलणार. पाकिटावरचा बनवल्याचा महिना-वर्ष वाचायला विसरू नका. मोसम दिवाळीनंतर तापतो, तेव्हा मागच्या वर्षीचा, आख्खा पावसाळा दमट गोदामात काढलेला माल पुढे येतो. पिवळट लव आणि बुरशीचा वास ही त्याची खूण, आणि तो अर्ध्या किमतीतही महाग पडतो.