किर्कुक–जेहान पाइपलाइन: तेल घरचं, चावी शेजाऱ्याची

इराकच्या उत्तर भागातलं कच्चं तेल नळाने समुद्रापर्यंत नेणारी सध्या ही एकच वाट आहे. सुमारे ९७० किलोमीटर लांबीचे दोन जोडनळ, एक ४६ इंची आणि दुसरा ४० इंची. किर्कुकहून निघतात, फिशखाबूरपाशी तुर्कस्तानात शिरतात आणि भूमध्य समुद्रावरच्या जेहान बंदरातल्या टाक्यांत रिकामे होतात. पहिला १९७७ साली सुरू झाला, दुसरा १९८७ साली. दोन्ही मिळून कागदावरची क्षमता दिवसाला सुमारे १६ लाख बॅरल. नुसता नळ म्हणून पाहिला तर माल दणकट आहे. पण ‘स्वतंत्र कुर्दिस्तान याच्या जोरावर उभा राहील का’ असं विचारून कोणी तो पसंत करणार असेल, तर आधी कराराचे कागद वाचावेत.

करार १९७३ चा, बगदाद आणि अंकारा यांच्यातला. उत्तर इराकमधल्या स्वायत्त कुर्द भागाचं, म्हणजे एर्बिलचं, कुर्दिस्तान प्रादेशिक सरकार तेव्हा अस्तित्वातच नव्हतं, त्यामुळे त्याची सही असण्याचा प्रश्न नाही. तेल किती भरायचं, कुणाच्या टाकीत उतरवायचं, कुणाच्या जहाजावर चढवायचं, हे इराक सरकारने सांगायचं आणि नळ चालवणाऱ्या बोताश या तुर्की सरकारी कंपनीने पाळायचं. पुढचा सगळा घोळ या अटीपाशी आहे.

एर्बिलने ती अट ओलांडायचा प्रयत्न केला तो मात्र अभियांत्रिकी म्हणून चोख होता. ताक ताक आणि खुर्मला या तेलक्षेत्रांपासून फिशखाबूरपर्यंत स्वतःचा नळ टाकला. त्यातला काही भाग मुळात गॅससाठी होता, तो तेलाकडे वळवला. सीमेवर तो थेट तुर्की टप्प्याला जोडला. बगदादच्या ताब्यातला किर्कुक–फिशखाबूर टप्पा मार्च २०१४ पासून घातपातांमुळे बंदच होता. त्याची गरज उरली नाही. त्याच सुमाराला बगदादने अर्थसंकल्पातला कुर्दिस्तानचा १७ टक्के वाटा रोखला. मे २०१४ मध्ये जेहानहून एर्बिलचं पहिलं जहाज निघालं.

इथे पहिली खोट दिसली. नळातून तेल गेलं, पण मालकीहक्क गेला नाही. हे तेल आमचं, चोरीचा माल घेऊ नका, असं बगदादने जगभर कळवलं. पहिलं जहाज मोरोक्कोच्या किनाऱ्याजवळ अडकलं. पुढचं एक टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनसमोर आठवडेच्या आठवडे उभं राहिलं. अशा मालाला गिऱ्हाईक मिळतं, पण सवलतीच्या भावात. पैसे तुर्कस्तानच्या हल्कबँकेत जमा व्हायचे. पगार भागवायला एर्बिलने तेल व्यापाऱ्यांकडून आणि पुढे रोसनेफ्त या रशियन कंपनीकडून उचल घेतली. ऊसतोडीच्या उचलीसारखंच हे: पुढचा माल आधीच विकलेला. त्यात भर म्हणजे शेखानसारख्या क्षेत्रांतलं तेल जड आणि गंधकाने भरलेलं. ते जितकं मिसळाल तितका भाव खाली.

या सेवेची खरी परीक्षा कुर्दिस्तानच्या स्वातंत्र्यावरच्या २५ सप्टेंबर २०१७ च्या सार्वमताने झाली. ७२ टक्के मतदान, जवळपास ९३ टक्के ‘हो’. मतदान किर्कुकसारख्या वादग्रस्त भागांतही घेतलं गेलं आणि सगळ्यात जास्त आग तिथेच होती. बगदादने ते घटनाबाह्य ठरवलं. तुर्कस्तान आणि इराणचा आक्षेप वेगळ्या पोटदुखीतून होता: दोन्हीकडे मोठी कुर्द वस्ती आहे, एर्बिलला सीमा मिळाली तर तुर्कस्तानातल्या दियारबाकीर आणि इराणातल्या सनंदजमध्येही तीच मागणी उठेल. इराणने मतदानाच्या आदल्याच दिवशी विमानवाहतूक थांबवली. बगदादने २९ सप्टेंबरपासून एर्बिल आणि सुलेमानियाची आंतरराष्ट्रीय उड्डाणं बंद केली, ती मार्च २०१८ पर्यंत सुरू झाली नाहीत. तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोगन तर सरळ म्हणाले, चावी आमच्या हातात आहे, बंद केली की विषय संपला.

चावी त्यांनी तेव्हा बंद केली नाही, हे अनेकजण विसरतात. वाहतुकीचं भाडं तुर्कस्तानलाही हवं होतं आणि रोसनेफ्तने एर्बिलच्या नळात हिस्सा घेण्याचं ठरवलं होतं. घाव दुसऱ्या टोकाला बसला. १६ ऑक्टोबरला इराकी फौजा किर्कुकमध्ये शिरल्या, पेशमर्गा हे कुर्द सैनिक मागे हटले, बाई हसन आणि अवाना ही क्षेत्रं हातची गेली आणि निर्यात दिवसाला सुमारे सहा लाख बॅरलवरून निम्म्याच्या आसपास आली. नळ शाबूत, आडच अर्धा. मसूद बारझानी १ नोव्हेंबरला कुर्दिस्तानच्या अध्यक्षपदावरून उतरले.

चावी खरोखर बंद झाली ती साडेपाच वर्षांनी, आणि ती सार्वमतामुळे नाही, कराराच्या त्या जुन्या अटीमुळे. बगदादने २०१४ मध्येच पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय लवादाकडे तक्रार केली होती. मार्च २०२३ मध्ये निकाल बाहेर आला: परवानगीशिवाय तेल वाहून नेल्याबद्दल तुर्कस्तानने सुमारे दीड अब्ज डॉलर द्यावेत. २५ मार्चला नळ थांबला. दिवसाला सुमारे साडेचार लाख बॅरल अडकलं. पुढे जे झालं ते कुठल्याही नळाच्या ग्राहकाने समजून घ्यावं. क्षेत्रांवरच्या साठवण टाक्या मोजक्या दिवसांत भरतात, मग विहिरी बंद कराव्या लागतात. कंपन्यांनी मग टँकर लावून स्थानिक बाजारात तेल विकलं, आगाऊ रोख घेऊन, पण जागतिक भावापेक्षा फार खाली. हजारो बॅरल रस्त्याने हलवता येतात, साडेचार लाख नाहीत.

पर्याय म्हणाल तर नकाशाच बघा. सीरियातून बनियासला जाणारी जुनी वाट १९८२ मध्ये बंद झाली आणि नंतर मोडकळीला आली. इराणकडे टँकर जातात, पण आक्षेप घेणारा तोही आहेच. दक्षिणेला बसरा, म्हणजे पुन्हा बगदाद. चारही दारं शेजाऱ्यांची. बगदादचा हात लांब आहे हे मुंबईच्या रिलायन्सच्या उदाहरणातही दिसतं: रोवी आणि सार्ता या कुर्दिस्तानातल्या तेलगटांतला ८० टक्के हिस्सा तिने २०१२ मध्ये शेवरॉनला विकला, आणि बगदादने शेवरॉनला लगेच आपल्या कामांतून बाद केलं.

२७ सप्टेंबर २०२५ ला नळ पुन्हा वाहता झाला, पण पाटी बदलून. आता तेल विकते ती सोमो, म्हणजे बगदादची सरकारी तेलविक्री कंपनी. उत्पादन आणि वाहतुकीपोटी कंपन्यांना बॅरलमागे १६ डॉलर धरले आहेत, ५० हजार बॅरल स्थानिक गरजेसाठी राखीव. सुरुवातीचा प्रवाह १ लाख ८० ते ९० हजार बॅरल, म्हणजे क्षमतेच्या आठव्या हिश्शाहूनही कमी. थकबाकीची हमी मागणाऱ्या नॉर्वेच्या डीएनओ या तेल कंपनीने सुरुवातीला सही केली नाही. त्यांचं चुकलं असं आमचं मत नाही.

गुण द्यायचे तर बगदादसाठी पाचपैकी साडेतीन: बसऱ्याला पर्याय म्हणून असा दुसरा मार्ग हवाच. तेल कंपन्यांसाठी अडीच, तेही थकबाकीचं कलम लेखी मिळालं तर. स्वतंत्र देशाचा कणा म्हणून एक, आणि तो एकही एर्बिलचा नळ टाकणाऱ्या अभियंत्यांसाठी. नवा व्यवहार करणाऱ्यांनी एक तारीख टिपून ठेवावी: १९७३ चा मूळ करार २७ जुलै २०२६ ला संपवत असल्याचं तुर्कस्तानने आधीच कळवलं आहे. नव्या करारात फिशखाबूरच्या मोजणी केंद्रावर कुणाचा माणूस बसतो, ते कलम सगळ्यात आधी वाचा.