फारो: कोड लिहायची जागा म्हणजे डिबगर

झेरॉक्स कंपनीच्या ‘पार्क’ या संशोधन केंद्रात १९७०च्या दशकात अ‍ॅलन के, डॅन इंगल्स, अडेल गोल्डबर्ग या मंडळींनी स्मॉलटॉक ही प्रोग्रॅमिंगची भाषा घडवली. तिच्या वंशातल्या स्क्वीकमधून २००८ साली फुटलेली शाखा म्हणजे फारो: भाषा आणि तिच्यात कोड लिहायचं साधन, दोन्ही एकत्र. परवाना एमआयटीचा, म्हणजे साधन मोफत आणि मुक्त. भाषेचं व्याकरण एका बैठकीत वाचून होतं, राखीव शब्द जेमतेम सहा. वेळ लागतो तो हाताला लागलेल्या सवयी सोडवायला.

पहिली ठेच गणितातच लागते. बेरीज आणि गुणाकार हे दोन्ही इथे ऑब्जेक्टला (प्रोग्राममधल्या वस्तूला) दिलेले सारख्याच मानाचे संदेश आहेत आणि ते डावीकडून उजवीकडे जातात, म्हणून २ + ३ * ४ चं उत्तर २० येतं. १/३ + १/६ असं लिहिलं तर २/९ मिळतं. कंस घालून (१/३) + (१/६) लिहा, मग नेमकं १/२ मिळेल, आणि तेही अपूर्णांक म्हणूनच, दशांशात न घसरता. दोन दिवस कंस सढळ हाताने घाला, पुढे त्रास होत नाही.

फारोची खरी ताकद डिबगरमध्ये आहे. इतरत्र डिबगर उघडतो तो चूक शोधायला, इथे तो कोड लिहायची मुख्य जागा आहे. समजा ‘खातं’ नावाचा रिकामा क्लास (ऑब्जेक्टचा साचा) केला आणि टेस्ट (कोड तपासणारा छोटा तुकडा) लिहिली: ५०० जमा, २०० काढले, शिल्लक ३०० हवी. ‘जमा’ नावाची मेथड, म्हणजे ते काम करणारा कोड, अजून अस्तित्वातच नाही. तरीही टेस्ट चालवा. ती त्या ओळीवर थांबते आणि डिबगर समोर येतो. त्यातलं ‘क्रिएट’ बटण दाबा, क्लास निवडा, आणि मेथडचा मजकूर तिथेच लिहा. हातात रक्कम खरोखरच ५०० आहे, समोर खरं ऑब्जेक्ट आहे, त्यामुळे अंदाजाने लिहावं लागत नाही. ‘शिल्लक’ हे नाव ओळखीचं नसेल तर सेव्ह करताना फारो विचारतं, ते इन्स्टन्स व्हेरिएबल (प्रत्येक ऑब्जेक्टची स्वतःची नोंद) करायचं का. हो म्हणा आणि ‘प्रोसीड’ दाबा. टेस्ट तिथूनच पुढे धावते आणि मधे काही अडलं नाही, तर ‘काढा’ या पुढच्या नसलेल्या मेथडपाशी पुन्हा थांबते.

पण ‘काढा’पर्यंत पोचण्याआधीच नवखे हमखास अडकतात. शिल्लक अजून नील (काहीच नसल्याची खूण) आहे, म्हणून नील + ५०० वर गाडी अडते. डिबगर पुन्हा ‘क्रिएट’ देऊ करतो, आणि या वेळी क्लास सुचवतो तो नीलचा. तो स्वीकारलात तर सगळ्या इमेजमधल्या (फारोच्या साऱ्या जिवंत पसाऱ्यातल्या) नीलला बेरीज शिकवून बसाल आणि पुढच्या कित्येक चुका झाकल्या जातील. बरोबर उपाय म्हणजे ‘खातं’ क्लासमध्ये ‘इनिशियलाइझ’ लिहून शिल्लक ० करणं. पण आधीच जन्मलेलं ऑब्जेक्ट त्याने बदलत नाही. म्हणून स्टॅकमध्ये (कोणत्या मेथडने कोणाला बोलावलं त्या यादीत) टेस्टच्या मेथडवर जाऊन ‘रीस्टार्ट’ द्या.

दुसरी खोच याहून बारीक आहे. डिबगरमध्ये मेथड सेव्ह केली की ती पहिल्या ओळीपासून पुन्हा चालते, मात्र झालेले परिणाम मागे फिरत नाहीत. शिल्लक वाढवून झाल्यावर पुढच्या ओळीत चूक निघाली आणि ती दुरुस्त केली, तर ५०० दोनदा जमा होतात. अशा वेळीही टेस्टपासूनच रीस्टार्ट करा.

या पद्धतीने लिहिताना मेथड आपोआप लहान राहतात, कारण प्रत्येक तुकडा चालता चालता जन्मतो. कोड पाहायचा फारोचा ब्राउझर एका वेळी एकच मेथड दाखवतो, लांबलचक फाइल समोर नसतेच. फारोच्या फाइंडरमधली उदाहरणांवरून शोधायची सोयही वापरून पाहा: लहान अक्षरांतला शब्द, पूर्णविराम, मग तोच शब्द मोठ्या अक्षरांत असं दिलं, की ते रूपांतर करणारी मेथड तो शोधून देतो. नाव माहीत नसताना इतका उपयोगी शोध फार थोड्या साधनांत मिळतो.

आता इमेजबद्दल, कारण बहुतेक तक्रारी तिथूनच येतात. कोड, उघड्या खिडक्या, जिवंत ऑब्जेक्ट्स, सगळं एकाच इमेज फाइलमध्ये साठतं. विसरलेली एखादी इन्स्पेक्टरची (ऑब्जेक्टच्या आत डोकावायची) खिडकी मोठा डेटा धरून बसते आणि फाइल फुगते. फारो मध्येच बंद पडलं तर एपिसिया हे बदलांची नोंद ठेवणारं आतलं साधन कोडमधले बदल परत लावून देतं, पण सेव्ह न केलेला डेटा परत येत नाही. म्हणून इमेजला टेबलाचा दर्जा द्या, कपाटाचा नाही. कपाट म्हणजे गिट, कोडच्या आवृत्त्या जपणारं साधन, आणि त्याच्याशी जोडणारं आइसबर्ग फारोच्या आतच आहे. कोड साठवायच्या टोनेल पद्धतीत प्रत्येक क्लासची वेगळी फाइल होते, त्यामुळे फरक नीट वाचता येतात. सोबत बेसलाइन (प्रकल्पाला काय काय लोड करायचं त्याची यादी) लिहा आणि कोड वरचेवर कोऱ्या इमेजमध्ये लोड करून टेस्ट चालवा. प्लेग्राउंडमध्ये (कोड चटकन चालवून पाहायच्या खिडकीत) हाताने बनवलेल्या एखाद्या ऑब्जेक्टवर प्रोग्राम नकळत टेकलेला असेल, तर ते फक्त कोऱ्या इमेजमध्येच उघडं पडतं.

फारोच्या सगळ्या प्रोसेस एकाच सिस्टिम थ्रेडवर चालतात, म्हणजे एका वेळी एकच काम होतं. लांब हिशोब मुख्य प्रोसेसमध्ये टाकला की खिडक्या गोठतात. मॅकवर कमांड आणि पूर्णविराम एकत्र दाबून तो थांबवता येतो. प्रोसेसरचे सगळे कोअर राबवणाऱ्या जड गणितासाठी हे साधन घेऊ नका. नियम सतत बदलत असलेल्या व्यवहारांचं मॉडेल बांधताना आणि अनोळखी डेटा चाचपताना मात्र ते घ्याच.

सुरुवात फारो लाँचर या इमेज उतरवून सांभाळणाऱ्या साधनाने करा. प्रत्येक प्रकल्पाला स्वतंत्र इमेज ठेवा. नवी आवृत्ती आली की जुनी इमेज ओढत नेऊ नका, ताजी घ्या आणि गिटमधून कोड आणा.