भूलपूर्व तपासणी विभाग : पंचवीस मिनिटे चोख, पुढे गाडी घसरली

७४ वर्षांच्या आईचे पित्ताशय दुर्बिणीतून काढायचे ठरले, तेव्हा घरात शस्त्रक्रियेपेक्षा भुलीचीच धास्ती अधिक होती; गॅसची भूल घेतली की म्हातारपणी स्मृती जाते, असे दोन नातेवाइकांनी छातीठोकपणे सांगून ठेवले होते. पुण्यातील ज्या खासगी रुग्णालयात आम्ही गेलो, तेथील भूलपूर्व तपासणीविषयी हे लिहीत आहे.

भूलतज्ज्ञ बाईंनी आमची शंका हसण्यावारी नेली नाही. आयसोफ्लुरेन या भुलीच्या गॅसच्या संपर्कात ठेवलेल्या पेशी प्रयोगशाळेत मरतात आणि अल्झायमरशी निगडित अ‍ॅमिलॉइड बीटा हे प्रथिन वाढते, असे आढळले असल्याचे त्यांनी आपणहून सांगितले; मात्र काचेच्या बशीतल्या पेशींवरून माणसाच्या मेंदूचा निवाडा करता येत नाही, हेही स्पष्ट केले. खुब्याचे हाड मोडलेल्या १६०० रुग्णांची चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत कमरेतून भूल दिलेले आणि पूर्ण भूल दिलेले अशा दोन्ही गटांत नंतर भ्रम होण्याचे प्रमाण जवळपास सारखेच, म्हणजे पाचांत एक, होते. वय वाढते तशी सेव्होफ्लुरेन या भुलीच्या दुसऱ्या गॅसची मात्रा कमी लागते, म्हणून ती बेतानेच देऊ, असे त्या म्हणाल्या. मग त्यांनी आईला तीन शब्द लक्षात ठेवायला सांगून घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटे काढायला लावली. आईने काटे बरोबर काढले, एक शब्द मात्र विसरली, आणि तशी नोंद कागदावर झाली. शुद्धीवर येताच चश्मा आणि श्रवणयंत्र द्या, झोपेची गोळी टाळा, हेही त्यांनी लिहून दिले.

येथवर तक्रारीला जागा नाही. संमतिपत्र तेवढे निव्वळ इंग्रजीत होते, आणि ज्या बाईची सही हवी तिला ते वाचता येत नव्हते.

खरी चूक पुढे झाली. त्या सूचना वॉर्डपर्यंत पोहोचल्याच नाहीत. श्रवणयंत्र स्टीलच्या डबीत माझ्याच पिशवीत राहिले आणि मला आत सोडले ते संध्याकाळी सातला. तोवर आई ‘गाय बांधली का?’ म्हणून परिचारिकेला विचारत होती. आमच्याकडे गाय होती त्याला चाळीस वर्षे झाली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती पूर्ववत झाली. दोष गॅसचा की दिवसभर काही न ऐकू येण्याचा, हे मी ठरवू शकत नाही. पण तपासणीचे शुल्क घेणाऱ्या रुग्णालयाने तो एक कागद रुग्णासोबत खाटेपर्यंत न्यायला हवा होता.