बिनटाक्याची नसबंदी: कोल्हापुरात जाऊन आलेल्या माणसाचा अनुभव

पुरुषांच्या बिनटाक्याच्या नसबंदीला जायच्या आधी मी बरंच शोधलं. माहितीपत्रकं सापडली, डॉक्टरांचे व्हिडिओ सापडले. पण स्वतः टेबलावर झोपून आलेल्या माणसानं मराठीत लिहिलेलं काही हाती लागलं नाही. म्हणून हे लिहितोय. दवाखाना शहरातलाच, सरकारी. नाव लिहीत नाही, कारण पुढं काही तक्रारीही आहेत आणि तिथल्या भल्या माणसांना त्यांचा त्रास व्हायला नको.

मी कनिष्ठ महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवतो. वय ३९, घर मंगळवार पेठेत, मुली दोन. थोरली नऊ वर्षांची, धाकटी चारची. बायकोची दोन्ही बाळंतपणं सिझरची. दुसऱ्या सिझरच्या वेळीच ऑपरेशन उरकून घ्यायची आपल्याकडं पद्धत आहे. आमच्या वेळी कुणी विषयसुद्धा काढला नाही, कारण दुसरीही मुलगीच झाली होती. त्या खासगी दवाखान्यातल्या डॉक्टरबाई बाहेर येऊन माझ्या आईला एवढंच म्हणाल्या, "अजून वय आहे की." पुढं तांबी बसवली. ती हिला मानवली नाही. पाळी आठ-आठ दिवस चालायची, हिमोग्लोबिन नऊच्या खाली गेलं, जिना चढताना मध्येच बसायला लागायची. शेवटी तांबी काढली. तेव्हा सल्ला मिळाला, "आता ऑपरेशनच करून टाका." ऑपरेशन म्हणजे बाईचं, हे कुणी वेगळं सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही.

त्या रात्री ही म्हणाली, "माझं पोट दोनदा फाडून झालंय. आता तुमचं बघा."

दुसऱ्या दिवशी अकरावीच्या वर्गात माझा तास होता लोकरीती आणि लोकनीती ह्यांवर. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ समनरनं १९०६ साली केलेला हा भेद मी चौदा वर्षं एकाच उदाहरणानं शिकवत आलोय: लग्नात चप्पल घालून पंगतीत बसलात तर लोक नावं ठेवतील, पण म्हाताऱ्या आईला घराबाहेर काढलंत तर गाव तुम्हाला दारात उभं करणार नाही. पहिली लोकरीत, दुसरी लोकनीती. त्या दिवशी फळ्यासमोर उभा असताना डोक्यात वेगळंच चाललं होतं. पुरुषानं नसबंदी करून घेतली तर ह्यातलं नेमकं काय मोडतं? उत्तर घरी आईच्या चेहऱ्यावर मिळालं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "कर्ता माणूस तू. ताकद गेली तर ह्या पोरींचं कोण बघणार? आणि अजून पोरगा..." पुढचं तिनं गिळलं.

आता दवाखान्याबद्दल. कुटुंब कल्याण कक्षाबाहेरच्या बाकांवर सगळ्या बायका. दारावरच्या मामांनी विचारलं, "पेशंट कुठायत?" मीच, म्हटल्यावर त्यांनी मला अपघात विभागाचा रस्ता दाखवला. भिंतीवरची चित्रं बाई, बाळ आणि नर्स अशी. पुरुष एकाच चित्रात, तोही बायकोच्या मागं उभा. केसपेपर काढणाऱ्या कारकुनानं विचारलं, "बाईंना काय प्रॉब्लेम आहे का?" म्हणजे बाईला काही झालं असेल तरच पुरुष इथं येणार, असा त्याचा समज. त्याला मी दोष देत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या विवाहित जोडप्यांत स्त्री-नसबंदीचं प्रमाण ३७.९ टक्के आणि पुरुष-नसबंदीचं ०.३ टक्के निघालं. त्याच्या खिडकीशी माझ्यासारखा माणूस कितीदा येत असेल?

पण आतल्या सिस्टरांसाठी मी ह्या सेवेला पैकीच्या पैकी गुण देईन. पन्नाशीच्या असतील. त्यांनी दार लावून घेतलं, पंखा माझ्याकडं वळवला आणि पाऊण तास दिला. कागदावर आकृती काढून दाखवलं: वीर्यात शुक्रजंतूंचा वाटा अगदी थोडा असतो, बाकीचं पाणी दुसऱ्या ग्रंथींतून येतं. शुक्रजंतू वाहून नेणाऱ्या दोन नळ्या तेवढ्या बंद करायच्या. पुरुषपणाचं संप्रेरक थेट रक्तात जातं, त्या नळ्यांशी त्याचा काही संबंध नाही. त्यामुळं दाढी, आवाज, जोर, इच्छा, सगळं जिथल्या तिथं राहतं. हे सांगताना त्यांनी आवाज खाली आणला नाही की इकडंतिकडं बघितलं नाही. मला त्याचंच मोल वाटलं. दोन गोष्टी मात्र त्यांनी ठासून सांगितल्या. एक, नळ्या परत जोडता येतील ह्या भरवशावर येऊ नका, कायमचं समजूनच या. दोन, ऑपरेशन झालं म्हणजे लगेच मोकळीक नाही. आधीचे शुक्रजंतू आत शिल्लक असतात, तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासून घ्यायचं. ही दुसरी गोष्ट ज्यांना नीट सांगितली जात नाही त्यांच्या घरी पाळणा हलतो आणि बिचाऱ्या बायकोवर संशय येतो, असंही त्या म्हणाल्या.

पात्रतेचं फार काही नाही. लग्न झालेलं हवं, वय साठच्या आत, निदान एक मूल वर्षापेक्षा मोठं. बायकोची सही लागत नाही. "पण त्यांना एकदा घेऊन या," सिस्टर म्हणाल्या. मी हिला घेऊन गेलो. ही आपल्या कोल्हापुरी वळणानं म्हणाली, "मी बाहेर बसतो, तुम्ही बोला." आमच्याकडं बायका 'मी जातो, मी करतो' म्हणतात, बाहेरच्यांना नवल वाटतं. बोलण्यात पुरुषाचं क्रियापद घेऊन वावरणाऱ्या ह्या बायकांच्या वाट्याला गोळ्या, तांबी आणि टाके मात्र बाई म्हणूनच येतात, हे त्या बाकावर बसून मला फार लागलं.

आईची भीती कुठून आली ते आमच्या पन्हाळ्याकडच्या गावातल्या चुलत्यांनी सांगितलं. आणीबाणीत, १९७६ ला, नसबंदीची गाडी आली म्हटलं की गडी उसात शिरायचे. माझे आजोबा एक रात्र उसाच्या फडात काढून पहाटे घरी आलेले. त्या १९७६-७७ च्या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या आणि त्यांत बहुसंख्य पुरुषांच्या होत्या. आपल्या राज्यानं तर सक्तीचा कायदाच विधिमंडळात मंजूर केला होता, राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो राहिला. १९७७ च्या निवडणुकीत सरकार हरलं, कार्यक्रमाचं 'कुटुंब नियोजन' हे नाव जाऊन 'कुटुंब कल्याण' आलं आणि पुढाऱ्यांनी पुरुषाला हात लावायचं सोडून दिलं. सगळा भार बाईवर आला. जबरदस्ती पुरुषांवर झाली आणि तिची भरपाई पन्नास वर्षं बायका करतायत. ऑगबर्न ह्या समाजशास्त्रज्ञाचं सांस्कृतिक पश्चायन मी वर्गात शिकवतो: साधनं पुढं जातात, मनं मागं राहतात. १९७४ ला चीनमध्ये बिनटाक्याची पद्धत निघाली, आता ती आपल्या दवाखान्यात फुकट मिळते, आणि आमच्या घरातली भीती अजून उसाच्या फडातच लपून बसलीय.

मुलाचं म्हणाल तर ह्याच जिल्ह्यात २००१ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयाच्या हजार मुलांमागं ८३९ मुली होत्या. पन्हाळा तालुक्याचं नाव तेव्हा वाईट कारणानं राज्यभर झालं. सोनोग्राफी यंत्रांवर लक्ष ठेवणारी 'सायलेंट ऑब्झर्व्हर' यंत्रणा पुढं इथंच सुरू झाली. शाहू महाराजांनी १९१७ ला विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा केला ते हेच संस्थान. मी आईला आकडे सांगितले नाहीत. धाकटीला तिच्या मांडीवर बसवून म्हटलं, "हिच्यानंतर कुणाची वाट बघायची नाही मला." आई रडली. पण दुसऱ्या दिवशी तिनंच विचारलं, "दवाखान्यात डबा लागंल का?"

ऑपरेशनचा दिवस शुक्रवार. सकाळी रक्त, लघवी, बीपी. घरून खालचे केस काढून, आंघोळ करून, हलका नाश्ता करून जायचं. येताना लंगोट आणायला सांगितला होता. आधारासाठी घट्ट चड्डीही चालते, पण लंगोट उत्तम. तो घ्यायला मी गंगावेशीकडं गेलो. तालमीत जाणाऱ्या पोरांच्या रांगेत उभा राहून लाल लंगोट घेतला. दुकानदारानं विचारलं, "कुठली तालीम?" मी खरं ते सांगितलं. त्यानं क्षणभर बघितलं, मग एकाऐवजी दोन दिले. "एक धुवायला पडतोय," म्हणाला.

भुलीचं इंजेक्शन टोचतं, तेवढंच काय ते दुखणं. नंतर ओढल्यासारखं वाटतं, पोटात एकदा कळ आल्यासारखी होते. एकच बारीक छिद्र, त्यातूनच दोन्ही नळ्या. सर्जन शेवटपर्यंत माझ्याशी पावसाबद्दल बोलत होते. वीस मिनिटांत सगळं संपलं, टाका नाही, वर एक पट्टी. अर्धा-पाऊण तास पडून राहिलो आणि चालत बाहेर आलो. गाडी भावानं चालवली. शनिवार-रविवार घरी बर्फाचा शेक घेतला, थोडी सूज होती, सोमवारी कॉलेजला गेलो आणि उभा राहून तास घेतले. आठवडाभर सायकल, मोटरसायकल आणि जड उचलणं बंद ठेवलं. हिच्या सिझरनंतर तिला पहिल्यांदा सरळ उभं राहायला किती दिवस लागले होते ते मला आठवत होतं. हा विषय घरोघरी निघावा असं मला मनापासून वाटतं ते त्याचमुळं.

खर्च शून्य. उलट अनुदानाचे १४५१ रुपये खात्यावर जमा झाले. मी त्यासाठी गेलो नव्हतो, पण रोजंदारीवरच्या माणसाचे दोन-तीन दिवस बुडतात, त्याला ते हवेतच.

आता तक्रारी. पहिल्यांदा गेलो त्या दिवशी सर्जन नव्हते, दुसऱ्या वेळी नव्हते हे तिथं पोचल्यावर कळलं. तिसऱ्या वेळी तारीख मिळाली. फोन करून सांगायची सोय हवी, रजा काढून येणाऱ्या माणसानं दोनदा परत जावं लागलं तर तो तिसऱ्यांदा येत नाही. संमतीपत्र बाईंसाठी छापलेलं, त्यावर पेनानं खोडाखोड करून माझं केलं. दरवर्षी २१ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर पुरुष नसबंदी पंधरवडा असतो, मी नेमका त्याच दिवसांत गेलो, आवारात त्याचा एक कागदही चिकटवलेला नव्हता. आणि सगळ्यात खटकलं ते तीन महिन्यांनंतर. वीर्य तपासणीचा नमुना द्यायला वेगळी खोली नाही. सार्वजनिक संडासाकडं बोट दाखवलं. मी घरून नमुना आणला, पण तो तासाभरात पोचवावा लागतो आणि लांबच्या खेड्यातून येणाऱ्यानं काय करायचं? ही तपासणी टळली तर आधीची सगळी मेहनत वाया. एक खोली, आतून कडी, एवढंच मागणं आहे.

र. धों. कर्व्यांनी १९२१ ला मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं तेव्हा त्यांची नोकरी धोक्यात आली, लोकांनी वाळीत टाकल्यासारखं वागवलं. मला एवढंच सोसावं लागलं की स्टाफरूममध्ये दोन दिवस कुणी नजरेला नजर देत नव्हतं. तिसऱ्या दिवशी एका सहकाऱ्यानं जिन्यात गाठून हळूच विचारलं, "दुखतं का हो सर?"

त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितो. आधार कार्ड, बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स आणि दोन फोटो न्या. केसपेपरची खिडकी लवकर बंद होते, दहाच्या आत पोचा. सोबत कुणीतरी घ्या, येताना गाडी स्वतः चालवू नका. लंगोट दोन घ्या. आणि तीन महिन्यांनंतरची तारीख आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा. माझी १ मार्च होती, अहवाल आला, शुक्रजंतू नाहीत. कागद मी हिच्या हातात दिला. तिनं तो मुलींच्या जन्मदाखल्यांच्या फाइलमध्ये ठेवला.